भावाला चार केसमध्ये दोन-दोन वर्षं झाली, आता जेलवाले आठ वर्षं म्हणायलेत. अपिलात शिक्षा एकत्र होते का?

केजकडची_ताई

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहायलेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. इथं वकील लोक आहेत असं मैत्रिणीनं सांगितलं म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ, २६ वर्षाचा. २०२२ च्या दिवाळीनंतर दीड-दोन महिन्यात त्यानं आणि दुसऱ्या एकानं चार वावरातल्या पाण्याच्या मोटारी आणि केबल चोरल्या. चोरल्या म्हणजे चोरल्याच, मी ते झाकायला आले नाही. केबल जाळून तांबं काढून भंगारात विकलं. फेब्रुवारी २०२३ ला पोलिसांनी उचललं, जामीन द्यायला कोणी नव्हतं कारण आई-बाप कोयत्याला गेलेले, मी सासरी. अकरा महिने कच्चा कैदी म्हणून आतच राहिला. मग जानेवारी २०२४ मध्ये तालुक्याच्या कोर्टात त्यानं चारही केसला गुन्हा कबूल केला, आत कोणीतरी सांगितलं होतं की कबूल केला की आत राहिलेले दिवस धरतात आणि लवकर सुटतो. तीन केसचा निकाल एकाच दिवशी झाला आणि चौथ्याचा तीन आठवड्यानं. प्रत्येक केसमध्ये दोन वर्षं सक्तमजुरी आणि दोन हजार दंड, दंड नाही भरला तर दोन महिने आणखी. दोन केसचा दंड मामानं भरला, दोन राहिले.

आम्ही सगळे समजून बसलो होतो की दोन वर्षंच, कारण सगळीकडं दोनच लिहिलंय. मागच्या महिन्यात, फेब्रुवारीत, दोन वर्षं भरली म्हणून मी आणि आई त्याला आणायला गेलो. आईनं त्याच्यासाठी नवा शर्ट घेतला होता आणि धपाटे बांधून घेतले होते. तिथल्या बाबूनं रजिस्टर बघितलं आणि म्हणाला बाई, ह्याच्या चार शिक्षा आहेत, एक संपली की दुसरी सुरू होते, पहिली आत्ता संपली, हिशोबानं हा २०३१ ला सुटणार, माफी मिळाली तर जरा आधी. आई तिथंच खाली बसली. मुलाकात झाली तर त्याला पण तेव्हाच कळलं.

माझे प्रश्न: जज साहेबांनी कुठं लिहिलेलं नाही की एकामागं एक भोगायची, मग जेलवाले असं कसं करू शकतात? त्याच जज साहेबांकडं जाऊन सांगितलं तर ते दुरुस्त करतील का? अपिलाची मुदत संपली म्हणतात, मग आता काहीच होत नाही का? आणि गावातला एक जण म्हणतो अपील केलं तर शिक्षा वाढू पण शकते, हे खरं का. निकालाच्या झेरॉक्स माझ्याकडं आहेत, चार पानं, चार पानं, सगळ्यात तेच लिहिलंय.

---

शिकाऊ_लॉ_नांदेड

ताई काळजी करू नका, कायद्यानं हे होऊच शकत नाही. सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१ मध्ये स्पष्ट आहे की कोर्ट स्वतः एका गुन्ह्याला जेवढी शिक्षा देऊ शकतं त्याच्या दुपटीपेक्षा जास्त एकूण शिक्षा होत नाही. फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेट तीन वर्षापर्यंत देऊ शकतात म्हणजे जास्तीत जास्त सहा. आठ म्हणजे बेकायदेशीरच झालं. जेलला नुसती नोटीस पाठवा.

---

सेवानिवृत्त_शिरस्तेदार

वरच्या मित्राला नम्रपणे सांगतो, घाई झाली. कलम ३१ लागतं ते एकाच खटल्यात दोन-चार कलमांखाली शिक्षा झाली तर. ह्या ताईंच्या भावाचे खटले चार, नंबर चार, निकाल चार. तिथं लागतं कलम ४२७, आणि त्याला ती सहा वर्षाची मर्यादा नाही.

मी तीस वर्षं कोर्टात होतो, हजारभर तरी शिक्षेची वॉरंट, म्हणजे जेलला जाणारे कोर्टाचे हुकूम, माझ्या हाताखालून गेली असतील, म्हणून जेलच्या बाबूची बाजू आधी सांगतो. शिक्षा झाली की प्रत्येक केसचं वेगळं वॉरंट जेलला जातं. जेलवाले निकालपत्र वाचत नाहीत, वॉरंट वाचतात. कलम ४२७ म्हणतं, माणूस आधीच एक शिक्षा भोगत असताना दुसरी झाली तर दुसरी पहिली संपल्यावर सुरू होते, कोर्टानं सोबत चालेल असं सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे कोर्ट गप्प बसलं की कायदा आपोआप एकामागं एक धरतो. लोकांना उलटं वाटतं, की काही लिहिलं नाही म्हणजे एकत्र, आणि ह्याच समजुतीत माणसं वर्षानुवर्षं आत राहिलेली मी बघितलीत. तीन निकाल एकाच दिवशी लागले तरी पहिला वाचून झाला की दुसऱ्याच्या वेळी आरोपी शिक्षा भोगणाराच झालेला असतो.

ताई, तुम्ही निकालाच्या शेवटच्या पानावर जो आदेश असतो तो बघा. एक, दोन, तीन असे आकडे घालून लिहिलेला असतो. दोषी धरण्यात येते, इतकी सक्तमजुरी, इतका दंड, मग एक ओळ सेट ऑफची असते, म्हणजे कच्च्या कैदेचे दिवस वजा करण्याची. त्याच्याच आसपास एक ओळ असायला पाहिजे होती की ही शिक्षा अमुक नंबरच्या खटल्यातल्या शिक्षेसोबत एकत्रित भोगावी. ती एक ओळ नाही म्हणून २०३१ आलं. निकाल देताना आरोपीच्या वकिलानं उठून एवढंच म्हणायचं असतं, साहेब, आधीच्या केसमध्ये पण शिक्षा आहे, एकत्र करण्याची विनंती. आमच्याकडं जुने वकील लोक ते न चुकता म्हणायचे. चौथ्या निकालाच्या वेळी तर तीन शिक्षा होऊन तीन आठवडे झाले होते, तेव्हा तरी सांगायला पाहिजे होतं.

त्याच जज साहेबांकडं जाऊन उपयोग नाही. निकालावर सही झाली की त्याच कोर्टाला तो बदलता येत नाही, फक्त टायपिंगची किंवा बेरीज-वजाबाकीची चूक दुरुस्त होते. जुन्या कायद्यात हे कलम ३६२ होतं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४०३. वरच्या कोर्टातच जावं लागेल.

---

ॲड_लातूर_खंडपीठ

शिरस्तेदार साहेबांनी पायाच घालून दिला, मी पुढचं सांगतो. लांब होईल पण ताईंनी शांतपणे वाचावं, एकदा नाही कळलं तर दोनदा.

आधी एक विचारतो. भावानं साधा गुन्हा कबूल केला होता की प्ली बार्गेनिंग म्हणून वेगळा अर्ज करून, फिर्यादी आणि सरकारी वकिलासोबत बसून ठरवलं होतं? कारण प्ली बार्गेनिंग असेल तर त्या निकालावर अपील नाही, फक्त रिट करून हायकोर्टात किंवा विशेष परवानगी मागून सुप्रीम कोर्टात जाता येतं. साधी कबुली असेल तर अपील आहे. लोकांना वाटतं कबूल केलं म्हणजे अपिलाचा दरवाजा बंद. तसं नाही. कलम ३७५ मध्ये असं आहे की मॅजिस्ट्रेटसमोर कबूल केलेल्या माणसाला दोषी ठरवण्यावर अपील करता येत नाही पण शिक्षा किती दिली आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यावर करता येतं. आणि तुम्हाला तेवढंच पाहिजे. चोरी केली नाही असं तुम्ही म्हणतच नाही.

मुदत: मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन कोर्टात ३० दिवस. ते गेले, वर्ष झालं. पण विलंब माफीचा अर्ज करता येतो आणि आतल्या माणसाच्या बाबतीत कोर्ट तो सहसा कडकपणे बघत नाही. कारण खरं लिहा: आई-वडील ऊसतोडीला बाहेर, भाऊ आत, निकालात एकत्र की मागोमाग ते लिहिलेलंच नाही म्हणून सगळे दोन वर्षंच समजत राहिले आणि फेब्रुवारीत जेलमध्ये गेल्यावर पहिल्यांदा कळलं. ज्या दिवशी कळलं ती तारीख टाका. हे कारण दमदार आहे, त्याला मीठमसाला लावायची गरज नाही.

आता मुद्द्यावर काय मांडायचं. इथं बरेच वकील एक चूक करतात, सगळं एकच ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकाच व्यवहारातलं आहे असं म्हणतात. सुप्रीम कोर्टानं १९८८ च्या मोहम्मद अख्तर हुसेनच्या निकालापासून सांगितलंय की एकाच व्यवहारातून दोन गुन्हे निघाले असतील तर शिक्षा साधारणपणे एकत्र पाहिजेत. २०१३ च्या व्ही. के. बन्सलमध्ये चेक बाउन्सचे ढीगभर खटले होते, तिथं कोर्टानं एकेका व्यवहाराचे गट पाडले, गटातल्या शिक्षा एकत्र केल्या पण गट मात्र एकामागून एक ठेवले. तुमच्या भावाच्या केसमध्ये चार वावरं, चार शेतकरी, चार वेगळ्या रात्री. हे एक ट्रान्झॅक्शन नाही आणि तसं म्हणायला गेलात तर सरकारी वकील एका वाक्यात उडवतील. २०२१ ला मोहम्मद झाहिदच्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की वेगळे गुन्हे, वेगळे खटले, वेगळे निकाल असतील तर नियम म्हणून शिक्षा एकामागून एकच, एकत्र करायची तर कोर्टानं तसं सांगितलं पाहिजे. म्हणजे हक्क म्हणून मागता येत नाही, कोर्टाच्या विवेकावर आहे.

मग आधार कुठला? इकराम विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, डिसेंबर २०२२. ताई, ही केस तुमच्या भावाच्या केसची जुळी बहीण समजा. विजेचं सामान चोरल्याच्या नऊ केसेस, प्रत्येकात दोन वर्षं, त्यानं पण प्ली बार्गेनिंग करून कबूलच केलं होतं, आणि जेलवाल्यांनी धरली अठरा वर्षं. हायकोर्टानं एकत्र करायला नकार दिला. तो सुप्रीम कोर्टात गेला. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती नरसिंहा यांच्या बेंचनं नऊही शिक्षा एकत्र चालतील असा आदेश दिला आणि म्हटलं की ट्रायल कोर्टानं हे बघितलं नाही तर हायकोर्टानं पुढं होऊन अन्याय थांबवायला पाहिजे होता. कुठलंच प्रकरण कोर्टासाठी लहान नसतं, हे त्याच निकालातलं. तिथं जोर व्यवहार एक होता की अनेक ह्यावर नव्हता, झालेल्या गुन्ह्याला अठरा वर्षांची बेरीज शोभते का, ह्यावर होता. तुमच्या अपिलाचा कणा हाच ठेवा. दोन वर्षं देणाऱ्या मॅजिस्ट्रेटना आठ द्यायची होती असं चारही निकालात एका शब्दानं दिसत नाही.

आणखी एक मुद्दा छोटा पण कामाचा. एका वर्षाच्या आत केलेले एकाच प्रकारचे तीन गुन्हे एकाच खटल्यात चालवता येतात, जुनं कलम २१९. नव्या कायद्यात तीनाचे पाच झालेत. पोलिसांनी आणि कोर्टानं तसं केलं असतं तर निदान तीन गुन्ह्यांना कलम ३१ लागलं असतं. खटले वेगळे पडले ह्यात आरोपीचा काही हात नव्हता, हे जरूर मांडा.

शिक्षा वाढायची भीती मनातून काढा. आरोपीनं स्वतः केलेल्या अपिलात कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, तशीच ठेवू शकतं, वाढवू शकत नाही. वाढवायची तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं आणि तुम्हाला नोटीस देऊन म्हणणं ऐकावं लागतं.

शेवटी, आणि हे आजच करा: राहिलेल्या दोन केसचा चार हजार दंड भरा. दंड न भरल्याची कैद कधीच एकत्र होत नाही, कोर्टाला तसा आदेशच देता येत नाही, २०१८ मध्ये शरद कोळंबेच्या केसमध्ये, आपल्या महाराष्ट्रातलीच, सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलं. उद्या चारही शिक्षा एकत्र झाल्या तरी चार हजारासाठी पोरगं चार महिने आत बसेल.

---

कळंब_शेतकरी

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. माझी मोटार दोनदा गेली. पहिल्यांदा नुसती केबल, दुसऱ्यांदा साडेसात एचपीची मोटार. रात्रीची लाईट होती, बारा वाजता बॅटरी घेऊन गेलो, स्टार्टर दाबलं, काही नाही. बॅटरी मारली तर पेटीपासून विहिरीपर्यंत केबलच नाही, विहिरीच्या कडंला दोर कापलेला आणि ओल्या मातीत मोटार ओढत नेल्याची चरी. हरभरा घाट्यावर आला होता. नवी मोटार, केबल आणि पाईप घेईपर्यंत बारा दिवस गेले, पीक निम्म्यानं गेलं. आमच्या गावात त्या एका हंगामात सात जणांच्या गेल्या, एकाचीपण परत मिळाली नाही.

चार शेतकऱ्यांचं वाटोळं झालं तर चार शिक्षा का नकोत? एकत्र केल्या म्हणजे एका मोटारीची शिक्षा आणि तीन मोटारी फुकट, असंच झालं ना. ताईबद्दल मला राग नाही, पण आमच्याकडून पण कोणीतरी बोललं पाहिजे.

---

केजकडची_ताई

दादा तुमचं खरं आहे. आमच्याकडं पण दोन एकर आहे, कोरडवाहू आहे तरी हरभरा काय असतो ते मला माहिती आहे. मी त्याला मुलाकातीत विचारलं होतं की तुला त्या माणसांचं काही वाटलं नाही का, तो खाली बघत राहिला. तुमचं वाचून मला पण रात्री झोप नाही आली. माफी मागायचा मला अधिकार नाही, तरी मागते.

वकील साहेब, साधी कबुलीच होती, कुठला वेगळा अर्ज केलेला नाही. दंड भरायला उद्याच मामा जाणार आहेत.

---

ॲड_लातूर_खंडपीठ

कळंबच्या दादांचा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नाही, कोर्टात सरकारी वकील हाच प्रश्न विचारणार आणि न्यायाधीशाला तो पटूही शकतो. एकत्र केल्यानं गुन्हे कमी होत नाहीत, चारही केसमध्ये तो दोषीच राहतो, रेकॉर्डवर चार शिक्षा राहतात. फरक पडतो तो आत घालवायच्या वर्षांत. चोरीला कायद्यानं जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवलीत. पंचवीस-सव्वीसच्या पोराला, पहिल्यांदा पकडला गेलेल्या, चार मोटारींसाठी आठ वर्षं म्हणजे दरोडा घालणाऱ्याच्या रांगेत नेऊन बसवणं झालं. मला वैयक्तिक ते जास्त वाटतं आणि मी ते कोर्टात पोटतिडकीनं मांडेन.

पण दादांच्या मोटारीचं काय, ह्याचंही उत्तर अपिलात द्यायला पाहिजे असं माझं मत आहे. कलम ३५७ खाली कोर्ट दंडातून किंवा वेगळी भरपाई फिर्यादीला द्यायला सांगू शकतं. ताई, ऐपत असेल तेवढी, हप्त्यानं का होईना, त्या चार शेतकऱ्यांना भरपाई द्यायची तयारी आहे असं अपिलात लिहून द्या. ह्यानं शिक्षा विकत घेता येते असं कोणी समजू नये, पण शिक्षेचं माप ठरवताना नुकसान भरून काढायची तयारी आहे की नाही हे कोर्ट बघतंच. आणि खरं सांगायचं तर आठ वर्षं आतमध्ये बसून त्याच्याकडून त्या शेतकऱ्यांना एक रुपया मिळणार नाही.

---

गंगाखेडची

मी वकील नाही पण ह्यातून गेलेय म्हणून सांगते. बांधावरच्या भांडणात माझ्या मालकांना सेशन कोर्टानं जीवे मारण्याच्या प्रयत्नाला सात वर्षं आणि घरात घुसून मारल्याचे तीन वर्षं दिले, आणि निकालात लिहिलं की एकानंतर एक भोगायची. म्हणजे दहा. एकच भांडण, एकच दिवस, पंधरा मिनिटाचा खेळ. आम्ही खंडपीठात गेलो. पहिल्या वकिलांनी नुसतं निर्दोष सोडा एवढंच लिहिलं होतं अपिलात. नंतर दुसरे वकील लावले, त्यांनी विचारलं, वहिनी, निर्दोष नाही मानलं तर काय मागायचं ते ह्यात कुठं आहे? मग त्यांनी जादा मागणी घातली की किमान दोन्ही शिक्षा एकत्र करा. शेवटी झालं तेच. दोषी कायम ठेवलं, सात वर्षं कायम ठेवली, पण एकाच घटनेतले गुन्हे म्हणून तीन वर्षं त्या सातमध्येच चालतील असं लिहिलं. त्या एका ओळीनं माझ्या घरात तीन वर्षं परत आली. पोरगी दहावीला असेल तेव्हा ते घरी असतील.

म्हणून ताई, वकिलाला स्पष्ट विचारा की मागणी कशी लिहिली, स्वतः वाचून घ्या, इंग्रजीत असली तर मराठीत समजावून घ्या. आणि वेळ लागतो हे धरून चला, आम्हाला दीड वर्ष लागलं. तुमच्या भावाची पहिली दोन वर्षं तर होऊन गेलीत, म्हणून वकिलांना सांगा की अपील चालू असेपर्यंत शिक्षा थांबवून जामीन मागा, नाहीतर निकाल लागेपर्यंत दुसरी दोन वर्षं पण जायची.

---

ॲड_लातूर_खंडपीठ

गंगाखेडच्या ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज अपिलासोबतच द्यायचा, जुनं कलम ३८९, नवं ४३०. एकत्र धरली तर ह्याची शिक्षा पूर्ण भोगून झालेली आहे, ह्यापेक्षा मोठा मुद्दा जामिनाला दुसरा नसतो. त्यांच्या मालकांची केस एकाच खटल्यातली, म्हणजे कलम ३१. तिथं सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा ओ. एम. चेरियनचा निकाल आहे की मागोमाग शिक्षा हा पक्का नियम समजायचा नाही, कोर्टानं गुन्ह्याचं स्वरूप बघून ठरवायचं. आणि २०१५ च्या नागराज राव निकालात तर सांगितलंय की एकत्र की मागोमाग हे ट्रायल कोर्टानं लिहिलंच पाहिजे, मागोमाग असेल तर कुठली आधी कुठली नंतर ते पण. नव्या कायद्यात ह्या कलम ३१ चं कलम २५ झालं, त्यात आता गुन्ह्याचं गांभीर्य बघून कोर्टानं एकत्र की मागोमाग ते ठरवायचं असं सरळ शब्दात आलंय. पण एका खटल्यातल्या एकूण शिक्षेची मर्यादा पण १४ वर्षांची २० झाली, हे तरुण वकिलांनी लक्षात ठेवावं.

---

हिंगोलीचा_वाचक

विषय निघालाच आहे तर एक विचारतो, पेपरात दुहेरी जन्मठेप, तिहेरी जन्मठेप येतं. मग ती कशी भोगायची? एक जन्म संपल्यावर दुसरा?

---

ॲड_लातूर_खंडपीठ

ह्याचं उत्तर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं जुलै २०१६ मध्ये मुथुरामलिंगमच्या निकालात दिलंय. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, माणसाला आयुष्य एकच, म्हणून दोन जन्मठेपा एकामागून एक ठेवता येत नाहीत, त्या एकमेकींवर चढतात. एकीत सरकारनं सूट दिली तर दुसरीत आपोआप मिळत नाही, एवढाच तिचा उपयोग. मात्र जन्मठेपेसोबत दहा वर्षासारखी ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर ती आधी भोगायला लावून नंतर जन्मठेप सुरू करता येते. उलटं नाही होत. आणि जन्मठेप भोगणाऱ्याला नंतर दुसरी शिक्षा झाली तर ती ४२७ च्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणं जन्मठेपेसोबतच चालते.

---

सेवानिवृत्त_शिरस्तेदार

ताईंच्या खर्चाचा विषय राहिला. वकील लावायची ऐपत नसेल तर घाबरू नका. जेलात असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्नाचा दाखला मागायचं कारणच नाही, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं अर्ज द्या, किंवा १५१०० ला फोन लावा. खंडपीठात जायची वेळ आली तर तिथं हायकोर्टाची वेगळी विधी सेवा समिती आहे. आणि भाऊ आतूनच जेल अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो, त्याला जेल अपील म्हणतात, जेलनं ते कोर्टाला पाठवणं बंधनकारक आहे.

निकालाच्या झेरॉक्स चालणार नाहीत, सही-शिक्क्याच्या नकला लागतील. चारही केसच्या काढा. पहिल्या निकालावर तक्रार नसली तरी तो दाखवल्याशिवाय दुसरा कशासोबत एकत्र करायचा ते कोर्टाला कसं कळणार? जेलकडून पण एक कागद मागा, प्रत्येक केसमध्ये शिक्षा कधी सुरू झाली, सेट ऑफचे किती दिवस कुठं वजा केले, सुटकेची तारीख काय धरली. अकरा महिने नीट वजा झालेत का ते त्यावरूनच कळेल, मी ह्यात चुका झालेल्या बघितल्यात.

---

केजकडची_ताई

सगळ्यांचे खूप उपकार. काय काय झालं ते सांगते. दंड भरला, दोन्ही पावत्या मामानं व्हॉट्सॲपला पाठवल्या, मी त्या आईला दाखवल्या तर तिनं मोबाईल कपाळाला लावला. नकलांचा अर्ज दिला, चार-पाच दिवस लागतील म्हणाले. विधी सेवाच्या ऑफिसमध्ये एक मॅडम होत्या, त्यांना मी इकरामच्या निकालाचं नाव सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. भरपाईचं बाबांना फोनवर विचारलं. ते अजून कारखान्यावर आहेत, पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, पंधरा दिवस आहेत. म्हणाले पुढच्या वर्षीच्या उचलीतून थोडे थोडे देऊ, लिहून दे म्हण. कळंबच्या दादा, हे तुम्हाला मुद्दाम सांगते.

वकील साहेब, एक राहिलं. चौथ्या निकालाची तारीख वेगळी आहे, तर विलंब माफीचा अर्ज सगळ्यांचा मिळून एक चालतो की वेगवेगळा?

---

ॲड_लातूर_खंडपीठ

वेगवेगळा. प्रत्येक अपिलासोबत त्याचा स्वतःचा अर्ज आणि दिवस मोजून लिहायचे, चौथ्याचे दिवस साधारण वीस-एकवीसनं कमी येतील. दुसरा, तिसरा आणि चौथा अशी तीन अपिलं, आणि तिन्ही एकाच कोर्टासमोर एकत्र ऐकावीत अशी विनंती पहिल्याच तारखेला करायची. सेशन कोर्टानं नाही ऐकलं तर मग खंडपीठात नव्या कायद्याच्या कलम ५२८ खाली, म्हणजे हायकोर्टाच्या अंगभूत अधिकारात, किंवा रिट. काही हायकोर्ट ह्या अधिकाराबाबत हात आखडता घेतात, मतं सगळीकडं सारखी नाहीत, म्हणून आधी अपिलाचाच रस्ता धरा. नकला हातात आल्या की शेवटच्या पानांचे फोटो मला मेसेजमध्ये पाठवा, नाव-नंबर झाकून.

---

कळंब_शेतकरी

ताई, वाचलं. त्या चौघांपैकी कोणी आमच्या भागातला असला तर भरपाईचं मी त्याच्याशी बोलून बघतो.